भीमेकाठी एक रात्र, गळ टाकून

मैंदर्गीत मामांच्या परड्यात दुपारपासूनच शेंगपेंडीचा वास सुटला होता. पेंड कुटून तिचा चुरा लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतायचा. तो बदामी झाला की परातीत ओतायचा, त्यात कणीक घालायची आणि हिंग भिजवलेल्या पाण्याचे हबके मारत मळायचं. मळताना मामा बोलत नाहीत. पीठ झालं तसं त्यांनी गोटीएवढी गोळी वळली, पितळी घंगाळात टाकली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटांनी गोळी जागेवरच होती, फक्त तिच्या कडा मऊ पडल्या होत्या आणि भोवतीचं पाणी किंचित गढूळलं होतं. "आता जमलं," ते म्हणाले. गोळी लगेच विरघळली तर गळ उघडा पडतो आणि माणूस तासभर रिकाम्या गळाची राखण करत बसतो. दगडासारखी टणक राहिली तर माशापर्यंत वासच जात नाही.

माझा मुलगा हे सगळं उकिडवा बसून पाहत होता. त्याची ही पहिलीच खेप. त्यानं विचारलं, "आज्जा, रात्रभर राहायचं कशाला? पहाटे चारला निघून गेलो तर चालणार नाही का?"

मामा हसले, पण उत्तर दिलं नाही. प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला, कारण गेली चौदा-पंधरा वर्षं हाच प्रश्न मला सोलापुरातले मित्र, शेजारी, घरातली माणसं विचारत आली आहेत. रात्र काठावर काढून पदरात काय पडतं? पडत असेल तर त्यासाठी काय तयारी लागते? मासेमारीवर ज्यांचं पोट आहे त्यांना हा प्रश्न पडत नाही. आपल्यासारख्या हौशी माणसानं मात्र त्याचं प्रामाणिक उत्तर आधी स्वतःला द्यायला हवं.

मैंदर्गी हे काही पाण्याचं गाव नव्हे. अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना लागणारं हे सीमेवरचं गाव, नगरपरिषद असलेलं, घराघरांत कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढणारं. पाऊस बेभरवशाचा, जमीन शाळूची. अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी या तिन्ही गावांची तहान बोरी नदीवरच्या कुरनूर धरणावर अवलंबून. नळाला पाणी कधी येणार हा आमच्याकडे रोजच्या बोलण्यातला विषय असतो. अशा गावातल्या माणसाला रात्रभर वाहत्या, भरलेल्या पाण्याशेजारी बसायला मिळणं ही केवढी चैन आहे, हे कोकणातल्या माणसाला सांगून कळणार नाही. माझं लहानपण याच गावात गेलं. उन्हाळ्यात बोरीच्या डबक्यात बांबूच्या फोकाला दोरा बांधून बसायचो, तिथूनच हा नाद लागला. कानडीत गळाला 'गाळ' म्हणतात. आमच्या गल्लीत कोण गळ म्हणायचं आणि कोण गाळ, याकडे कुणाचं लक्षही नसायचं.

कुरनूर जवळ पडतं, पण आम्ही रात्रीसाठी तिथं जात नाही. एक तर धरणांत, तलावांत मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. संस्थेनं बोटुकली विकत आणून सोडलेली असतात, त्यामुळे तिच्या परवानगीशिवाय गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या रानातली कणसं मोडणं. दुसरं, ते पाणी आपल्याच नळाला येतं. रात्रभराचा मुक्काम म्हटला की राख, उष्टं, माशांची आतडी हे सगळं आलंच. मामांना ते पटत नाही, आणि मलाही. म्हणून आम्ही जातो भीमेवर. हिळ्ळीच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला एका शेतकऱ्याच्या बांधावर आमची जागा ठरलेली आहे.

महाशिवरात्र होऊन दोन दिवस झाले होते. फेब्रुवारीचा शेवट. ही वेळ मामांनी निवडलेली, आणि त्यामागे त्यांचा हिशेब असतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मासा जड होतो, खातो कमी. एप्रिल-मेमध्ये काठावरचा उकाडा रात्री अकरापर्यंत हटत नाही आणि पाणीही आटलेलं असतं. पावसाळ्यात तर जाऊच नये. मासा अंड्यावर असतो, नदीला कधी लोंढा येईल सांगता येत नाही. 2020च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या तालुक्यानं बोरी आणि भीमा दोन्हींचं पुरातलं रूप पाहिलं आहे. त्यामुळे एक दिवाळीच्या अलीकडचा-पलीकडचा महिना आणि एक माघ-फाल्गुन, एवढ्याच दोन खिडक्या. त्यातही अंधारी रात्र. चांदण्यात मासा बुजतो असं भोई लोक सांगतात. मला त्याचा पुरावा देता येणार नाही, पण माझी बरी गेलेली एकही रात्र चांदण्याची नव्हती.

चारला निघालो. जीपमध्ये सामान बघितलं तर मासेमारीचं कमी आणि मुक्कामाचंच जास्त. दोन बाजा, त्यांवर बांधायला मच्छरदाण्या, तीन सोलापुरी चादरी, पाण्याचे दोन कॅन, गोवऱ्यांचं पोतं, कडुनिंबाचा पाला, तीन बॅटऱ्या, गमबूट, मोठा थर्मास आणि पोहण्याची जाकिटं. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि कांदे. कडक भाकरी ही जणू अशा रात्रींसाठीच कुणीतरी शोधून काढली असावी. पापडासारखी कुरकुरीत, चार दिवस टिकणारी, कागदात बांधा नाहीतर फडक्यात. मुलगा म्हणाला, "गळ कुठायत?" ते मामांच्या शबनममध्ये होते. पुठ्ठ्याला गुंडाळलेला दोरा, चार नंबरांचे गळ, शिशाच्या गोळ्या आणि एक रुमालात बांधलेली पुडी.

अक्कलकोटात स्वामींच्या वटवृक्ष मंदिराच्या बाजूची गर्दी चुकवून आम्ही दक्षिणेला वळलो. करजगीच्या अंगानं रस्ता जातो तसा दोन्ही हातांना काढणीला आलेला शाळू, मध्येच हरभरा, मध्येच उसाचे पट्टे. उसाचे पट्टे दाट व्हायला लागले की समजायचं, नदी आली.

दिवस मावळायला तासभर असताना पोचलो. एवढ्या आधी पोचणं हा तयारीतला पहिला भाग, आणि सगळ्यांत जास्त माणसं तिथंच चुकतात. काठ उजेडात पाहिलाच पाहिजे. भीमेच्या पात्रात वाळूउपशानं पडलेले खड्डे आहेत. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढं टाकलं की पुरुषभर पाणी लागतं. मामा हातातल्या काठीनं पाणी चाचपत काठाकाठानं पन्नास-साठ पावलं चालले, जिथं तळ तुटतो तिथं त्यांनी काठावर एकेक फांदी रोवली आणि तिला पांढरं फडकं बांधलं. मग मुलाला समोर उभं करून म्हणाले, "ह्या फडक्यांच्या पलीकडं पाय टाकायचा नाही. मासा गेला तर जाऊ दे. काठी पाण्यात गेली तर जाऊ दे." मग एक दगड पाण्याच्या रेषेवर ठेवला. रात्री उठून त्या दगडाकडे पाहायचं. तो भिजला तर पाणी चढतंय. वर उजनीतून सोलापूरच्या पिण्यासाठी नदीत पाणी सोडलं जातं, ते औजच्या बंधाऱ्यापर्यंत येतं. बंधाऱ्यांचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, कधी काढतात, कधी घालतात हे आपल्याला कुणी कळवायला येत नाही. त्या दगडाकडे लक्ष ठेवणं आपलं काम.

होडीत बसायचं नाही, हा आमचा आणखी एक नियम. काठावर एक होडी बांधलेली होती आणि मुलाचं मन तिच्यात अडकलं होतं. त्याला मी 21 मे 2024ची गोष्ट सांगितली. उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 माणसं गेली. तो दिवस होता, बोट रोजची होती. मग आम्ही रात्री, परक्या होडीत, कशाच्या जिवावर बसायचं?

जागा बघून झाल्यावर मामा शेतकऱ्याच्या वस्तीवर गेले. हेही काम उजेडातच करायचं. नदीकाठची माणसं मोटारींच्या आणि केबलच्या चोऱ्यांनी गांजलेली असतात. रात्री बांधावर बॅटरी चमकली की त्यांच्या काळजात धस्स होतं, आणि ते काठ्या घेऊन आले तर चूक त्यांची नसते. कोण, कुठले, किती जण, सकाळी कधी जाणार हे सांगायचं आणि घरातल्या कुणाचा तरी फोन नंबर ठेवून यायचा. इथं मोबाईल कधी कर्नाटकातला टॉवर पकडतो, कधी कुठलाच नाही. पाण्यात जाळी असलेल्या भोयालाही विचारायचं, त्याची जाळी कुठं आहेत ते. त्याच्या जाळ्यात आपला गळ अडकला तर आपला पाच रुपयांचा गळ जातो, त्याचं जाळं फाटलं तर त्याचा आठवडा जातो.

दिवस टेकला तसे तीन गळ पाण्यात गेले. बांबूच्या काठ्या मातीत तिरप्या रोवून मामांनी ती रुमालातली पुडी सोडली. आत घुंगरं होती, बैलांच्या चाळातली, पितळेची, घासून-घासून पातळ झालेली. एकेक घुंगरू एकेका काठीच्या शेंड्याला. अंधारात डोळ्यांपेक्षा कान कामाला येतात. दुकानात आता बॅटरीवर चालणारे, लाल दिवा लागणारे भोंगे मिळतात, पण हे घुंगरू वाजतं तेव्हा मासा काय करतोय ते कळतं. किणकिण थांबून-थांबून झाली तर चिलापी आमिष कुरतडतेय. एकच जोराचा झटका आणि मग शांतता असेल तर काहीतरी जड आहे आणि ते विचार करतंय.

साडेसातपर्यंत दोन चिलाप्या आल्या, दोन्ही तळहाताहून थोड्या मोठ्या. चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात ती 1952 साली आणली गेली. आता उजनीपासून खाली सगळी भीमा तिची आहे. ती स्वतःच्या तोंडात अंडी-पिल्लं सांभाळते, कमी पाण्यात तगते, काहीही खाते. जुन्या माशांना तिनं कोपऱ्यात ढकललं. मामांची वीतभर मापाची अट चिलापीला लागू नाही. ती लहान असली तरी परत सोडत नाहीत. रोहू, कटला, मरळ मात्र वीतभर नसेल तर पाण्यात.

मग नऊपर्यंत काहीच नाही. जेवलो. गोवऱ्यांवर निंबाचा पाला टाकला, त्याच्या कडू धुरात डास थोडे मागे सरले. वर मृग नक्षत्र डोक्यावर, त्याच्या खाली व्याध धगधगत होता, आणि दक्षिणेला पलीकडच्या काठावरच्या झाडांच्या शेंड्याजवळ अगस्त्य. पलीकडचा काठ कर्नाटकाचा. तिथल्या कुठल्यातरी देवळात भजन चाललं होतं, वारा फिरला की ऐकू यायचं.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला इथं दिलं, म्हणजे जेवढं मला कळलंय तेवढं. मासा दिवसभर सारखा खात नाही. त्याच्या दोन वेळा खऱ्या. दिवस मावळताना दोन-अडीच तास, आणि पहाट फुटल्यापासून ऊन पाण्यावर पडेपर्यंत. या दोन्ही वेळा हातात यायच्या असतील तर मधली रात्र काठावरच काढावी लागते. पहाटे चारला मैंदर्गीतून निघालं तर साडेपाचला पोचणार, अंधारात काठ चाचपडणार, गाडीचा उजेड आणि पायांची धपधप पाण्यात शिरणार आणि मासा शांत होईपर्यंत ऊन आलेलं असणार. रात्रभर काठावर असलेला माणूस पहाटेपर्यंत काठाचाच झालेला असतो. म्हणजे रात्रीच्या मुक्कामाची कमाई बहुतेक वेळा मध्यरात्रीची नसते, तिच्या दोन टोकांची असते. मधल्या वेळात झोपायला हरकत नाही. झोपावंच, कारण सकाळी गाडी चालवायची असते.

साठलेल्या पाण्याचं मात्र उलटं. शेवाळानं भरलेल्या तलावात पहाटे गळ टाकून फार काही लागत नाही. पाण्यातल्या वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, रात्री स्वतःच तो वापरतात, त्यामुळे उजाडण्याच्या आधी अशा पाण्यात प्राणवायू सगळ्यांत कमी. मासा वर येऊन तोंड उघडझाप करत असतो, त्याला खाण्याची शुद्ध नसते. ऊन चढलं की तो सावरतो. मरळीला याची फिकीर नाही, ती थेट हवेतून श्वास घेते. वाहत्या नदीत हे इतकं जाणवत नाही. म्हणून रात्र काढायची तर नदीवर काढावी, तलावावर सकाळी चहा पिऊन जावं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका तलावावर चार रात्री रिकाम्या हातानं काढल्यावर मी लोकांना विचारायला लागलो, तेव्हा कळलं.

मध्यरात्रीचेही काही मासे असतात. ते वेगळे. मिशांचे मासे आणि वाम. चिखलात, दगडांच्या कपारीत दिवस काढून ते रात्री बाहेर पडतात. त्यांना पीठ चालत नाही, गांडूळ किंवा माशाचा तुकडा लागतो. दहाला मामांनी एका गळाचं पीठ काढून त्याला चिलापीच्या पोटाचा तुकडा लावला, शिसं वाढवलं आणि तो तळाला सोडला.

पावणेबाराला घुंगरू एकदाच वाजलं. खण्‌. मग काहीच नाही. मामा बाजेवरून उतरले, गमबूट उलटे करून झटकले, घातले आणि काठीजवळ जाऊन नुसते उभे राहिले. दोरा दोन बोटांवर घेतला. मी मुलाचा हात धरून त्याच्या बोटांवर तो दोरा ठेवला. पाण्याखाली काहीतरी दोऱ्याला चिकटून श्वास घेत असावं, तशी एक धडधड त्यातून येत होती. मग दोरा धावला. दहा मिनिटांनी काठावर आला तो शिंगाळा होता, हातभर लांब, राखाडी, चपट्या डोक्याचा, लांबलचक मिशांचा, आणि पाठीवरचा, दोन्ही कानशिलांजवळचा काटा ताठ उभा केलेला.

या काट्याची माझी ओळख जुनी आहे. पहिल्याच वर्षी एका रात्री, बॅटरी संपलेली असताना, मी घाईघाईत अशाच एका मिशीवाल्याला मुठीत धरलं. काटा तळहातात अंगठ्याखाली शिरला. त्याची धार करवतीसारखी असते, आत जाताना जेवढं दुखतं त्याहून निघताना जास्त. हात कोपरापर्यंत ठणकायला लागला. बरोबरच्या कुणाकडे दुसरी बॅटरी नव्हती, औषध नव्हतं, गाडी काठापासून लांब. शेवटी थर्मासमधल्या गरम पाण्यानं मला वाचवलं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की वेदना ओसरते. सकाळी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं तरी हात आठ दिवस सुजलेला होता. तेव्हापासून आमच्याकडे तीन बॅटऱ्या असतात आणि थर्मास नुसता चहासाठी नसतो. शिंगाळ्याला ओल्या गोणपाटानं दाबायचं, काट्यांच्या मागून पकडायचं आणि गळ बोटांनी नाही, पकडीनं काढायचा. मामांनी ते मुलाला तीनदा दाखवलं, मग त्याच्याकडून एकदा करून घेतलं.

या माशाची एक गोष्ट मला फार आवडते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातला कर्नल विल्यम हेन्री साइक्स दख्खनभर हिंडून इथल्या नद्यांतले मासे नोंदवत होता. 1839 साली त्यानं त्यांची वर्णनं प्रसिद्ध केली तेव्हा बऱ्याच माशांना त्यानं इथल्या कोळी-भोयांच्या तोंडचीच नावं ठेवली. शिंगाळा शास्त्रात 'सिंघाला' झाला, महसीरातली एक जात 'खुद्री' झाली, घोगऱ्या 'गोग्रा' झाला. 'रोहटी' हे नाव तर माशांच्या एका आख्ख्या गटाला मिळालं, आणि त्यातला एक मासा त्यानं याच भीमेतून घेतला होता. म्हणजे जगात कुठल्याही विद्यापीठात या माशाबद्दल कुणी लिहायला बसलं की त्याला आपल्या काठावरच्या, नाव कुठंही न नोंदलेल्या एखाद्या भोयाचा शब्द लिहावाच लागतो. मी हे सांगितलं तेव्हा मुलगा बराच वेळ त्या माशाच्या मिशा पाहत होता.

साडेबाराला आम्ही आडवे झालो. बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून. ती डासांसाठी आहेच, पण त्याहून जास्त मण्यारीसाठी. मण्यार रात्रीची फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश इतका बारीक की झोपेत कळतही नाही. आमच्या भागात नाग, घोणस, फुरसंही आहे. काठावर दिसणारा दिवड मात्र बिनविषारी, त्याला मारू नये. काही झालंच तर दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही. चावलेला अवयव हलू न देता सरळ अक्कलकोटचं सरकारी रुग्णालय. म्हणून जीपचं तोंड रस्त्याकडे करून ठेवलेलं असतं आणि किल्ली मामांच्या उशाला नाही, गाडीतच, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. विंचवाचंही तेच. लाल विंचवाचा दंश पूर्वी अनेकदा जीव घ्यायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार शोधून ते चित्र पालटलं, पण तो उपचार वेळेत दवाखान्यात पोचलेल्यालाच मिळतो.

दोनच्या सुमारास जाग आली ती पावलांनी. बांधावरून बॅटरी येत होती. मामा उठून बसलेच होते. आवाज आला, "मीन सिक्कावेन्री?" मासे मिळाले का? जागेचा मालकच होता, डोक्याला मफलर, खांद्यावर घोंगडी. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रपाळीची. थ्री फेज मध्यरात्रीनंतर येणार, तेव्हा उठून मोटार चालू करायची आणि उसाला पाणी फिरवत उजाडेपर्यंत जागायचं. आम्ही हौसेनं काढतो ती रात्र तो महिन्यातून पंधरा दिवस सक्तीनं काढतो, थंडी असो, साप असो. मी थर्मासमधल्या गरम पाण्यात चहाची पूड टाकून त्याला कपभर दिला. तो म्हणाला, "बसा की री निवांत. मी आहे इथं." मोटार सुरू झाली, पाइपातून पाणी धबधब पाटात पडायला लागलं. मृग मावळला होता, पूर्वेला वृश्चिक वर आला होता. मुलगा चादर डोक्यावरून ओढून त्या पाण्याच्या आवाजात गाढ झोपला. मी उठून दगड पाहून आलो. कोरडा होता.

साडेपाचला अंगावर दहिवर पडलेलं. चादरीची वरची बाजू ओली, आतली ऊबदार. टिटव्या कलकलाट करत पाण्यावरून गेल्या. नवीन पीठ लावून गळ टाकले आणि बोलणं बंद केलं. पाणी आणि आकाश एकाच रंगाचं असतं, तो हा अर्धा तास. सव्वासहाला मुलाच्या काठीचं घुंगरू वाजलं, आणि या वेळी मामा जागचे हलले नाहीत. त्यानं एकट्यानंच दोरा ओढला, सैल सोडला, परत ओढला. मधेच एकदा त्याचा पाय फडक्याच्या दिशेनं गेला आणि त्याचा तोच थांबला. मला ते मासा लागण्यापेक्षा मोठं वाटलं. रोहू आला, दीड किलोच्या आसपास, खवल्यांवर तांबूस झाक, ओठ जाड आणि मऊ. दुसऱ्या काठीवर आणखी एक लागला होता, तो गळ घेऊन गेला.

ऊन पाण्यावर आलं तेव्हा हिशेब असा होता. दोन चिलाप्या, एक शिंगाळा, एक रोहू. सगळं मिळून साडेतीन किलो असेल. डिझेल, दोरा, गळ, पेंड धरून साडेसातशेच्या वर खर्च. तेवढ्या पैशात अक्कलकोटच्या बाजारात एवढाच मासा अर्ध्या तासात मिळाला असता, साफ करून. त्यामुळे मासा स्वस्त पडावा म्हणून कुणी रात्री जाऊ नये, आणि एका रात्रीत भरपूर मिळेल या आशेनं तर मुळीच जाऊ नये. मी अशा कितीतरी रात्री पाहिल्या आहेत ज्यांत काहीच मिळालं नाही, आणि त्यांतल्या दोन-तीन मला आजच्याइतक्याच आठवतात. ज्याला रिकाम्या हातानं परतणं सोसवत नाही त्यानं संध्याकाळचे तीन तास बसून घरी जावं. त्यात काही कमीपणा नाही. ज्याला पोहता येत नाही, ज्याला एकट्यालाच जायचंय, ज्याच्याकडे बाटली आहे, त्यानं रात्रीचं नावच काढू नये. बाकीच्यांनी जावं. आमच्यासारख्या कोरड्या गावच्या माणसांनी तर वर्षातून एकदा जावंच.

राख थंड करून पोत्यात भरली. फडकी सोडली, फांद्या उपटल्या, तुटलेला दोरा बोटांना गुंडाळून खिशात टाकला. तो पाण्यात राहिला तर पाणकावळ्यांच्या पायांत अडकतो. घुंगरं पुसून परत रुमालात.

वस्तीवर गेलो तेव्हा शेतकरी मोटार बंद करून नुकताच आला होता, पाय चिखलानं पोटरीपर्यंत भरलेले, डोळे लाल. मामांनी शिंगाळा त्याच्या पुढ्यात ठेवला. तो नको-नको म्हणाला, मग त्यानं घरात हाक मारली आणि आतून परात आली. निघताना मी विचारलं, पंधरा दिवसांनी एकदा यावं म्हणतो, चालेल ना?

तो बोटांवर मोजायला लागला. "पुढच्या आठवड्यात दिवसपाळी हाय री, रात्री इकडं कुणी नसणार. त्याच्या पुढच्याला या. तेव्हा मी जागा असतो."